सपाट छपरावरचं तळं

आमच्या सिडनीतल्या टूनगॅबीच्या घराला मागे एक खोली वाढवलेली आहे आणि तिचं छप्पर अगदी सपाट. त्या घरातला आमचा पहिलाच हिवाळा. एका रविवारी आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, अशा गारा कोसळल्या की अंगण पांढरंफेक झालं. पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई स्वेटरवर शाल गुंडाळून, परात घेऊन गारा वेचायला धावल्या. "अगं, लिंबाएवढ्या आहेत!"

तेवढ्यात मागच्या खोलीतून नवरा ओरडला, "सीलिंग फुगतंय!"

त्याला उंचीची भीती, म्हणून शिडीवर मी चढले. खाली त्याने शिडी घट्ट धरली, तीही डोळे मिटून. वर बघते तर तळं! पाणी जायच्या भोकावर गमट्रीची, म्हणजे निलगिरीची, पानं आणि गारा मिळून घट्ट बूच बसलेलं. हात घातला तर बोटं बधिर झाली.

"काहीतरी द्या ना खरवडायला!"

सासूबाईंनी पुऱ्यांचा झारा आणला. मी शिडीवरूनच खरवडत राहिले. बूच हललं, एक मोठ्ठा घोट घेतल्यासारखा आवाज आला आणि सगळं पाणी पाइपातून सुसाट निघालं. खाली पाइपाचा सांधा निखळला तो नेमका नवऱ्याच्या कमरेशी.

"आईऽऽ गं! फ्रीझिंग!" तो जागच्या जागी नाचायला लागला, पण शिडी काही सोडेना.

सासूबाई हसून हसून पायरीवरच बसल्या. मला उतरता येईना. "हसवू नका हो, पडेन मी!" म्हणत मीच सगळ्यात जास्त हसत होते.

संध्याकाळी त्यांनी पुण्याला बहिणीला फोन लावला. "सूनबाई छपरावर, आणि आमचे चिरंजीव खाली थंड पाण्याने अंघोळ करतायत!" पलीकडचं हसणं आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

सीलिंगचा एक तुकडा बदलावाच लागला. ऊन पडल्यावर आलेल्या कारागिराने छपराला जरासा उतार दिला, वॉटरप्रूफिंगचा थर लावला, भोकावर जाळी बसवली आणि म्हणाला, "पानं मात्र साफ करत राहा, मेट."

तो गेल्यावर आम्हाला दम कुठला? नवऱ्याने होसपाइप छपरावर सोडला. आम्ही तिघं पाइपाच्या तोंडाशी वाकून उभे. पाणी खळखळत आलं तशी सासूबाईंनी चक्क शिट्टी मारली. त्यांना शिट्टी येते, हे त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हतं.