बिनवासाचा डबा

"नाक तिकडे नाई न्यायचं. वास इकडे बोलवायचा."

आमच्या गल्लीत हे वाक्य न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. समोरच्या घरातले काका अमरावतीच्या एका मुलींच्या कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं अटेंडंट होते. बाटलीवर नाक टेकवायचं नाही, हाताने वारा घालत वास आपल्याकडे ओढायचा, ही तिथली शिस्त. माणूस रिटायर झाला, हात काही झाला नाही. चहाचा कप असो की सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, आधी त्यावरून हात हलणार, मग माणूस बोलणार.

मी पिशव्या शिवते. एकदा माझ्या नव्याकोऱ्या पिशवीवरून त्यांनी तसाच हात हलवला आणि म्हणाले, रेक्झिनला घासलेटाचा वास येतो. मी त्यांना चांगलं सुनावलं. दोनच दिवसांनी गिऱ्हाईक तीच तक्रार घेऊन पिशवी परत करून गेलं. तेव्हापासून नवा माल आला की मी काहीतरी निमित्त काढून काकांना दुकानात बोलवायची. का बोलावते ते मात्र कधी कबूल केलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. एवढा मोठेपणा त्यांच्यात होता बरं का.

त्यांची थोरली बहीण अकोल्याला राहायची. ताईंचा काळा मसाला म्हणजे काय सांगू! कितीतरी घरांचं वांगं त्यावर शिजायचं. कढईत धणे, खोबरं, दगडफूल पडलं की ताई डोळे मिटून बसायच्या आणि वासावरून सांगायच्या, आता उतरवा. साथीच्या तापात ताईंना वास येणंच बंद झालं. एकदा खोबरं करपून घरभर धूर झाला, शेजारीण धावत आली, तरी ताई ढवळतच होत्या. त्या दिवशी त्यांनी कढई माळ्यावर टाकली.

डॉक्टरांनी एकच उपाय सांगितला. रोज दोनदा चार वेगवेगळी वासाची तेलं हुंगायची, महिनोन्‌महिने. येईल वास, नाहीतर नाही येणार.

झालं! काका पेटले. लवंगेचं तेल विकत आणलं, बाकीचं घरीच काढायचं ठरवलं. शेंदूरजनाघाटच्या ओळखीच्या बागवाल्याने संत्र्याच्या साली पाठवल्या. कुकरची शिट्टी काढून तिथे नळी बसवली, नळी थंड पाण्याच्या बादलीतून नेली, आणि आम्ही सगळी गल्ली त्या नळीच्या तोंडाकडे बघत उभी. थेंब पडायला लागले, पाण्यावर सोनेरी तवंग आला, आणि काय तो घमघमाट! साठीपुढचा माणूस अंगणात अक्षरशः नाचला. मग गवती चहा, मग निलगिरीचा पाला. होमिओपॅथीच्या दुकानातून तपकिरी बाटल्या आणल्या. उघडझाप करून तेलाचा वास उडतो, म्हणून दर रविवारी ताज्या बाटल्या अकोल्याला न्यायच्या असं ठरलं.

आणि तो एप्रिल. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे, नसेल तर देव करो आणि माहीत न होवो. बाटल्या गार राहाव्यात म्हणून काकांनी बुटांच्या खोक्यात थर्माकोल बसवून, एकेका तेलाच्या दोन बाटल्या अशा हिशेबाने आठ खोबण्या कोरल्या. देखणं काम होतं, खोटं कशाला बोलू.

त्या रविवारी संध्याकाळी ते अकोल्याहून परत आले ते थेट माझ्या दुकानात. खोकं समोर ठेवलं. जाताना मूर्तिजापूर येईपर्यंतच उन्हाने संत्र्याची बाटली पाझरली होती, आणि त्या तेलाने थर्माकोल पार खाऊन टाकला होता. सगळ्या बाटल्या त्या चिकट लगद्यात आडव्या, सगळे वास एकमेकांत मिसळलेले.

"मी सोता पोरीयले दाखवत होतो," ते म्हणाले. "संत्र्याची साल पिळली का थर्माकोल इरघळते. तीस वर्ष टाळ्या घेतल्या त्याच्यावर."

मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात ते पुढचं बोलले. ते खोकं बघून ताई म्हणाल्या होत्या, भाऊ, सोड आता, नको येत जाऊ.

"पुढच्या रविवारी तुमी जाणार," मी म्हटलं. "डबा मी करते."

म्हटलं खरं, पण काकांनी माझा जीव खाल्ला. फोम आणला, नको, त्याला स्वतःचा वास. इलॅस्टिक नको, रबर तेलाने फुगतं. ट्रंकेतलं कापड नको, डांबरगोळ्यांचा वास. शेवटी मीच चिडून घरातला पोळ्यांचा स्टीलचा डबा रिकामा केला. काकांचं जुनं धोतर तीनदा नुसत्या पाण्यात उकळून उन्हात वाळवलं. त्याच्या सहा घड्या घालून गोधडीसारखे टाके घातले, आतून गोल आठ खिसे केले, बाटलीच्या गळ्याला नाडी, म्हणजे बाटली उभीच राहील. बाहेरून गोणपाटाची खोळ, वाटेत ओली करत राहायची, आणि दप्तराचा पट्टा. शनिवारी काकांनी त्यावरून हात हलवला, डोळे मिटले. मी श्वास रोखून उभी.

"कायचाच वास नाई येत," ते म्हणाले. एवढी तारीफ माझी आजवर कोणी केली नाही.

रविवारी डबा गेला. सगळा पावसाळा दर रविवारी गेला. ताईंना काही येईना. मी विचारणंच सोडून दिलं.

दसऱ्याच्या सुमारास फोन आला. मशीन चालू होतं, आधी काही कळेचना.

"पोरी, ताईनं इचारलं, संत्रं कोनं सोललं म्हणून! घरात संत्रं नाईच. मी मांगच्या खोलीत डबा उघडून रायलो होतो!"

मी शिवण तशीच टाकून रस्त्यावर धावले, दिसेल त्याला सांगत सुटले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी साखर वाटत होते.

संत्र्यामागून लवंग आली. मग सगळं अडलं. वास परतला तो निम्माच. तरी ताईंनी कढई खाली काढली, आणि काकांनी अकोल्याला बिऱ्हाड हलवलं. अर्धं नाक ताईचं, अर्धं माझं, दोघांत मिळून एक मसाला होतो, असं म्हणाले. जाताना घराची किल्ली माझ्याकडे दिली. समोरचं अंगण सुनं झालं. रेक्झिन आता माझं मीच निवडते, आणि दोनदा फसले आहे.

गेल्या आठवड्यात एस.टी.ने डबा आला. आठ खिशांत काळ्या मसाल्याच्या आठ पुड्या, गल्लीतल्या एकेका घरासाठी एकेक. काकांचा फोन आलाच. उघडला का? सांभाळून हो, नाक तिकडे नाई न्यायचं.

"नाही नेत," मी म्हटलं.

फोन ठेवला, आणि सरळ नाक आत खुपसलं.