आमच्या जागेवर दुसरं विमान

मी वैमानिक होतो तेव्हा मुंबईत उतरल्यावरही विमान लावायला जागा मिळेपर्यंत ग्राउंड कंट्रोल ताटकळत ठेवायचं आणि माझं डोकं फिरायचं. कोल्हापूरला ती कटकट नव्हती, कारण आमच्याशिवाय तिथं सहसा विमानच नसायचं.

एकदा मात्र उतरलो, तर ऐन आमच्या जागेवर कुणाचं तरी छोटं विमान आडवं उभं. त्याचा वैमानिक जेवायला गावात गेलेला! विमानांना खुणा करणारा आमचा माणूस पूर्वी साखर कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्या रांगेत लावायचा. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येत नाही हे माहीत असूनही तो हात हलवत बोंबलत होता. शेवटी त्यानं चौघांना बोलावलं आणि ते विमान रिकाम्या ट्रॉलीसारखं ढकलून बाजूला केलं.

मी खाली उतरलो आणि त्याच्यावरच भडकलो.

"पावणं, जरा दमानं घ्या."

"पावणं कुणाला म्हणताय? मी हितल्याच कळंब्याचा हाय!"

"मग तर पेढं वाटा की! जागा पुरंना, म्हंजे आपलं गाव वाढाय लागलंय!"