आवडाबाईचा डबा आणि रुचिकाचं गणित

अमरावतीकडच्या मालेगावच्या बाजारात आवडाबाईची मेथी सगळ्यांच्या आधी संपते. जुडी बांधताना ती हात आखडता घेत नाही आणि वरून चार मिरच्या फुकट टाकते, एवढंच त्याचं कारण. देण्याची तिला खोडच आहे. गल्लीत कुणाचं दही बिघडलं तर विरजण तिच्याकडचं, बाळंतिणीला डिंक तिच्याकडचा, आणि पोट बिघडलं तर गोळीही तिच्याकडचीच.

गोळ्यांसाठी तिचा एक बिस्किटांचा डबा होता. ताप उतरला की उरलेल्या गोळ्या वाया कशाला घालवायच्या, म्हणून अख्खी गल्ली त्या डब्यात आणून टाकी. मग ज्याला लागेल त्याला आवडाबाई एखादी काढून देई. लाल-पिवळी पोटाची, पांढरी लांबट घशाची, असं तिचं शास्त्र. नवरा उत्तमराव तिला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणून चिडवायचा आणि ती लटकं रागवायची. खरं सांगायचं तर ते नाव तिला फार आवडायचं.

लेक रुचिका अमरावतीला गणितात संशोधन करते; ती शिकायला गेल्यावरच हा डबा सुरू झाला होता. काय करते, हे गल्लीला सांगताना मात्र आवडाबाईची पंचाईत होई. माणसाच्या पोटातले जंतू औषधाला दाद देईनासे कसे होतात, आणि तो दांडगेपणा एका जंतूकडून दुसऱ्याकडे कसा पसरतो, याचं म्हणे पोरगी समीकरण मांडते! गेल्या वर्षी तर तिनं आपलीच गल्ली अभ्यासाला घेतली. घरोघरी प्लास्टिकच्या डब्या वाटल्या आणि दोन महिने दर आठवड्याला सकाळचा नमुना द्या म्हणाली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, पण पोरगी आपली, म्हणून दिला. या दोन महिन्यांत डॉक्टरकडून औषध घेतलं का, असंही तिनं प्रत्येकाला विचारलं. सगळे नाही म्हणाले.

दिवाळीला पोरगी आली ती चेहरा पाडून.

“माय, माहं गणितच जुळून नाई राह्यलं. औषध बंद असलं त हे दांडगे जंतू हळूहळू कमी व्हाले पाह्यजे. नमुन्यात त ते जसेच्या तसे! सर म्हनते, जुळत नसन त विषय सोड.”

“पन ते कमी काहून होतीन?”

रुचिकानं सूप ओढलं. त्यात सोयाबीनचे दाणे पसरले आणि मध्ये थोडे काळे उडीद ठेवले. “हे सोयाबीन म्हंजे साधे जंतू. उडीद दांडगे. यायच्या अंगावर ढालीचं ओझं, म्हून यायची वाढ कमी. पन हे शेजाऱ्यालेबी ढाल देते. तुह्या विरजनावानी, या घरून त्या घरी.” एका सोयाबीनच्या जागी तिनं उडीद ठेवला. मग बोटांनी भराभर सोयाबीन वेचून काढलं. “आन औषध आलं का साधे मरते. उडदाले रान मोकळं.”

“एका गोळीनं?”

“एका गोळीनंबी. त्यानं रोग जात नाई, पन यायचं फावते.”

आवडाबाईची नजर कोठीकडे गेली. गल्ली खोटं बोलली नव्हती. त्या दोन महिन्यांत डॉक्टरचं औषध कुणी घेतलंच नव्हतं. आवडाबाईची गोळी औषधात धरतं कोण? ती जुडीवरच्या मिरचीसारखी. डबा दाखवला तर डॉक्टरीणबाईचा मान गेला, लपवला तर पोरीचं शिक्षण. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती उठली आणि कोठीमागचा डबा आणून तिनं सुपाशेजारी ठेवला.

रुचिकानं झाकण उघडून आतल्या गोळ्या पाहिल्या. मग हसत सुटली. “माय, माह्या गनितातली चूक तूच व्हय!”

“चूक काहून म्हनतं व? जल्म देल्ला तुले!”

रुचिका पुन्हा घरोघरी फिरली. मायची गोळी घेतली का, असं विचारताच जो तो म्हणाला, “हो त! ते त घेतोच!” समीकरणात एक नवं अक्षर आलं, आणि संगणकावरची रेघ नमुन्यांवर बरोबर जाऊन बसली. अक्षराचं नाव तिनं ‘आ’ ठेवलं, आवडाबाईचा. माय फुलून गेली.

“आता हा ‘आ’ सून्य झाला पाह्यजे, मंग दांडगे कमी होतीन,” रुचिका म्हणाली.

“माहं नाव लिवलं, आन मलेच सून्य व्हायले सांगतं!” उत्तमराव पोट धरून हसला. रुचिका जाताना डबा घेऊन गेली.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी शेजारची रामीबाई पोट दाबत दारात आली. “आवडाबाई, दोन-चार गोळ्या जमल्या असतीन ना? ते लाल-पिवळी दे व.”

आवडाबाईचा हात सवयीनं कोठीकडे गेला. गोळ्या खरंच पुन्हा येऊ लागल्या होत्या. या दारातून आजवर कुणी रिकामं गेलं नव्हतं. तिनं हात मागं घेतला, तांब्याभर पाण्यात मीठ-साखर ढवळून रामीबाईला पाजलं आणि पायात चपला घातल्या.

“गोळी नाई देत. दवाखान्यात चाल. मी येतो संगं.”

“तू नाई म्हनतं? तू?”

डॉक्टरांनी तपासलं आणि गोळीची गरज नाही, हेच पाणी चालू ठेवा, असं सांगितलं. परतताना आवडाबाईनं रस्त्यातच फोन लावला. “रुचिका, मांड तुह्या गनितात. आज ‘आ’ सून्य.” 

“कोन सून्य झालं व?” रामीबाईनं विचारलं.

“मी!” आवडाबाई ऐटीत म्हणाली आणि तिचा हात धरून चालू लागली.