रुमालाखालचा हात

फ्रॉक घातलेला तो गडी उंच टाचांच्या सँडलवर लडखडला आणि माझे दीर हसून हसून खाटेवर गडाबडा लोळायला लागले. बीडला कॉलेजात शिकणारी माझी लेक सुट्टीला वडवणीला आली होती. तिनं मोबाईल टीव्हीला जोडून हॉलिवूडचा जुना काळापांढरा सिनेमा लावला होता. मागं लागलेल्या गुंडांपासून लपायला एक बाप्या बाईचा वेश घेतो, एवढीच गोष्ट. बोलणं लेक मधूनमधून समजावून सांगत होती.

"काय लई भारी सोंग घेतलंय!" दीर डोळे पुसत म्हणाले.

हेच दीर महिन्याभरापूर्वी ओसरीत उभे राहून मला म्हणाले होते, "वैनी, घराची इज्जत घालवली तुमी." कारण सोंग मीही घेतलं होतं.

शेळ्या माझ्या. माहेरून आणलेल्या एका करडापासून मी कळप वाढवला. मालक ट्रकवर असतात, महिनोन्महिने घरी नसतात. चारा-पाणी, बाळंतपणं, आजार, सगळं मी करायचं आणि विकायला मात्र दिरांनी जायचं. कारण आमच्याकडं जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. व्यापारी रुमाल टाकतो, त्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबून भाव सांगतात, पटला नाही तर समोरचा बोटं झटकतो आणि असाच सौदा ठरतो. परक्या बाईचा हात कोण धरणार? दीर पहिल्याच दाबाला मान डोलावून चहाला मोकळे. मी दोरी धरून उभी राहायची आणि आतल्या आत जळायची.

एका बाजारी दीर पाटोद्याला पाहुण्यांकडं गेले. मी मालकांचा सदरा-पायजमा चढवला, बांगड्या डब्यात काढून ठेवल्या आणि कपाळ-कान झाकतील असा मफलर गुंडाळला. टेम्पोत एक म्हातारा बाकीच्यांना म्हणाला, "सरका की, पाव्हण्याला बसू द्या." साडीतल्या मला त्या टेम्पोत आजवर कुणी जागा दिली नव्हती. रागही आला आणि मजाही वाटली.

आवाजाची भीती नव्हती, कारण त्या सौद्यात तोंड उघडायचंच नसतं. व्यापाऱ्यानं बोटं दाबली, मी झटकली. पुन्हा दाबली, पुन्हा झटकली. गवत कापून माझी बोटं राठ झालेली, त्याला काय कळणार? शेवटी तो हसत म्हणाला, "लई चिवट हायस बे!" इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. भाव मला हवा तोच ठरला.

मग त्याचा जोडीदार शेळीचा खूर बघायला वाकला आणि त्याची नजर माझ्या पायांवर गेली. सगळं बदललं होतं, पण बोटांतली जोडवी तशीच राहिली होती. लग्नापासून ती कधी काढलीच नव्हती, ती अंगावर आहेत हेच विसरले होते. बाजारभर बोभाटा झाला, सौदा मोडला आणि बातमी माझ्याआधी घरी पोचली.

म्हणून मी तो सिनेमा इतरांसारखा बघत नव्हते. पडद्यावर एका लिफ्टमध्ये कुणीतरी त्या गड्याला चिमटा काढला. तो असा दचकला, की मला त्याची दयाच आली. बाई म्हणून जगणं काय असतं ते त्याला तेव्हा कळलं. लोक कपडे बघतात, माणसाकडं बघतच नाहीत, हे ज्यानं ओळखलं तो सिनेमावाला मला फार हुशार वाटला. शेवटी त्याचं सोंग उघडं पडलं तेव्हा आमची अख्खी ओसरी पुन्हा हसली.

मी विचारलं, "भाऊजी, यानं कुणाची इज्जत घालवली?"

"अवो, त्यो सिनेमा हाय."

"बरं. मग पुढच्या बाजारी शेळ्या मीच नेते. या वेळी सोंग न घेता."

दिरांचं हसू मावळलं. लेकीनं टीव्हीचा आवाज कमी केला, पण माझा कमी झाला नाही.

बाजाराच्या दिवशी मी साडी नेसले, बांगड्या भरल्या, जोडवी तर होतीच. नेमका तोच व्यापारी समोर आला. खांद्यावरचा रुमाल त्यानं काढलाच नाही.

"बाई, कारभाऱ्याला धाडा. बाईमानसासंगं सौदा कसा करावा?"

भोवती माणसं जमली. गेल्या वेळी बाजारातून मान खाली घालून निघाले होते, तसं आता जायचं नव्हतं. मी पदराचं टोक हातावर टाकलं आणि हात पुढं केला.

व्यापाऱ्यानं इकडंतिकडं बघून पदराखाली हात घातला आणि बोटं दाबली. मी झटकली.

"हात तर त्योच हाय," तो हळूच म्हणाला.

"मग भाव का उतरला?" मी म्हणाले आणि पुन्हा बोटं झटकली.