कृषी केंद्राच्या वरचा पिलाटेस क्लास

आमच्या क्लासमध्ये कोणाचं पोट किती कमी झालं, ते मला विचारू नका. ते ज्याचं त्याला माहीत. पण किस्से विचाराल तर माझी ना नाही. माझी नणंद रोज संध्याकाळी फोन करते, तो काही माझी तब्येत विचारायला नाही. "आज काय झालं गं?" एवढंच तिला हवं असतं, आणि रोज काहीतरी झालेलं असतंच.

आधी जागा सांगते. आर्णीत एका कृषी केंद्राच्या वर आमचा हॉल आहे. खाली खतं, बियाणं, फवारणीचे पंप, वर आम्ही. सहा मॅट आणि एक मशीन. मशीन म्हणजे खाटेसारखी लांब चौकट, तिच्यावर पुढेमागे सरकणारी गादी, गादीला खालून स्प्रिंगा आणि हातपाय अडकवायला पट्टे. मॅटवर स्वतःचं वजन स्वतः पेलायचं, मशीनवर स्प्रिंगांशी झुंजायचं. शिकवणारी आणि ओरडणारी मी दोन्हीकडे असतेच.

*

मशीन नागपूरहून टेम्पोतून आलं त्या दिवशी खाली बियाणं घ्यायला आलेली माणसं माना वर करून उभी होती. हे काय आहे, असं कोणीतरी विचारलं. दुकानदार गजाननभाऊंनी मला न विचारताच उत्तर देऊन टाकलं. "माणसाले वर झोपवते, पट्टे बांधते अन् ताणून लांब करते."

झालं! पुढचे आठ दिवस व्यायामाला कोणी फिरकलं नाही. आल्या त्या लग्नाच्या मुलांच्या आया. एक काकू तर मुलाला मोटरसायकलवर बसवून घेऊन आल्या. मुलगा बिचारा दारातच स्वतःच्या चपलांकडे बघत उभा. पाठ सरळ होईल, चाल सुधारेल, पण उंची काही वाढणार नाही, हे मी परोपरीने समजावलं. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोनच इंच करून द्या," त्या म्हणाल्या. "बाकी पोरगा निर्व्यसनी हाये."

मुलाचं लग्न पुढे आहे त्या उंचीतच झालं. काकू मात्र त्यांच्या धरलेल्या मानेसाठी अजून येतात.

*

युनूसभाई आमच्याकडचे ट्रॅक्टरचे मिस्त्री. अर्धं आयुष्य ट्रॅक्टरखाली पाठीवर पडून गेलेलं, त्यात कंबर गेली. ऑपरेशन नको, व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून त्यांच्या बायकोने, शमीमभाभींनी, त्यांना दंडाला धरून वर आणलं.

नवीन माणूस आला की मी विचारते, तुम्हाला नेमकं काय जमायला हवंय? कोणी पोट म्हणतं, कोणी गुडघे, कोणी लाजत लाजत साडीचं सांगतं. युनूसभाई म्हणाले, "मले जमीन पाह्यजे, ताई."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षं झाली, ते खुर्चीवर बसून नमाज पढत होते. मशिदीत मागच्या रांगेत, कोपऱ्यात, सगळ्या म्हाताऱ्यांच्या सोबत. "खुर्चीवर नमाज होते म्हणते सारे. होत असंन. पण कपाळ जमिनीले लागत नाही."

मी शब्द देणाऱ्यातली नाही. बघू, म्हटलं. पण मला मनापासून वाटलं, की बाकी कोणाचं काही होवो न होवो, या माणसाचं झालं पाहिजे.

त्यांना मशीनवर घेतलं तर आधी आडवं व्हायचं सोडून ते खालच्या स्प्रिंगा तपासायला गेले, आणि वाकता येईना म्हणून शमीमभाभींना बघायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ताई, जड जातंय, एक स्प्रिंग काढा. मी काढली. गादी अशी डुगडुगायला लागली की त्यांना पोट आवळून धरता धरता घाम फुटला. पिलाटेसमध्ये काही व्यायाम असेच असतात, स्प्रिंग कमी केली की आधार जातो आणि काम वाढतं.

त्यांनी पडल्या पडल्या छताकडे बघितलं. "असं ट्रॅक्टरमधी कुठंच नाही," म्हणाले.

*

शेवंताबाई राठोड जवळच्या तांड्यावरून येतात. कापूस वेचून वेचून त्यांची पाठ कमानीसारखी झालेली. एकदा त्या मशीनवर होत्या, दोन्ही पाय पट्ट्यांत अडकवून वर केलेले, आणि पंखा थांबला. लाईन गेली.

मॅटवरच्या पाचही जणी एकदम उठून बसल्या आणि गप्पा सुरू झाल्या. कोणी ओटीतल्या शेंगा काढल्या. शेवंताबाई तशाच, पाय हवेत.

मी म्हटलं, थांबलात कशाला?

"लाईन येऊ द्या ना. मंग खाली घेतो पाय."

माझा पारा चढला. मशीनला वायर नाही, बटण नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. ते पुन्हा एकदा, जरा वरच्या आवाजात सांगितलं. शेवंताबाईंनी पाय तसेच ठेवून मान वळवली.

"लाईन लागत नाही, तं मशीन कायले म्हणता मंग?"



*

पेरणीच्या तोंडावर गावातले सगळे ट्रॅक्टर एकदम बिघडतात. युनूसभाई त्या गडबडीत क्लासला आलेच नाहीत. आले तेव्हा पार वाकलेले होते, एक हात कमरेवर, एक भिंतीवर. इतक्या महिन्यांची मेहनत पाण्यात गेलेली. ते व्यायामाला नाही, निरोप घ्यायला आले होते.

"खुर्चीच बरी, ताई," म्हणाले.

मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. शमीमभाभी खिडकीकडे तोंड करून उभ्या. मी म्हटलं, युनूसभाई, खोललेला ट्रॅक्टर तुम्ही गिऱ्हाइकाला तसाच परत देता का?

  त्यांनी भिंत धरून चपला काढल्या आणि मॅटवर येऊन आडवे झाले. त्या दिवशी आम्ही फक्त श्वास घेतला आणि सोडला, दुसरं काही केलं नाही.

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. हळद आणि तूप कोमट करून खांद्यांना चोळतात आणि बैलांना म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. शेवंताबाईंचा नवरा दोन्ही बैलांचे खांदे प्रेमाने चोळत होता. शेवंताबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. बघता बघता त्यांच्या मनात काय आलं कोणास ठाऊक, त्यांनी बैलाशेजारी खाली बसून पदर बाजूला केला आणि म्हणाल्या, माझेही शेका.

नवरा आधी हसला. मग इकडेतिकडे बघून वाटीत उरलेलं तूप खरोखरच त्यांच्या खांद्यांना लावलं. वर आवतणही दिलं, रीतसर.

पोळा झाल्यावर त्या क्लासला आल्या तेव्हा मान अजून पिवळीधमक. सगळ्या जणींनी कालवा केला. मी विचारलं, मग दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं की नाही?

"बोलावलं ना," शेवंताबाई म्हणाल्या. "आवतन त्याचं, सैपाक माहा."

*

कल्पनाताई ब्लाऊज शिवतात. सकाळी हॉल उघडायला त्यांच्याकडे किल्ली असते. दसऱ्याला त्यांनी घरचं शिलाई मशीन पुसलं, तेल दिलं, हार घातला. मग त्यांना वाटलं, मॅडमच्या मशीनला कोण बघणार? म्हणून येऊन आमच्या मशीनच्या रुळांवरही उरलेलं तेल मायेने ओतलं. या रुळांना तेल चालत नाही, हे सांगायचं मला कधी सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिला नंबर गावंडेबाईंचा. शाळेच्या मुख्याध्यापिका, कडक बाई. त्यांनी नेहमीसारखा पायाने रेटा दिला आणि गादी सुळकन टोकापर्यंत जाऊन धाडकन परत आली. मी ओरडत धावले. गावंडेबाई डोळे मिटून पडलेल्या.

"पुन्हा करू का?" त्यांनी विचारलं. "इतकं मोकळं लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं."

रूळ पुसायला युनूसभाईंना बोलावलं. ते फडकं घेऊन बसले आणि मन लावून एकेक रूळ घासायला लागले. माझं लक्ष मग त्यांच्याकडे गेलं. ते उकिडवे बसले होते. कशालाही न धरता. त्यांना स्वतःला ते कळलं नव्हतं, आणि नजर लागायला नको म्हणून मीही गप्प बसले.

*

हा शेवटचा किस्सा मी क्लासमध्ये सांगत नाही.

युनूसभाईंसाठी आम्ही उशांचा ढीग रचायचो. गुडघ्यांवर येऊन, हात टेकवून, कपाळ त्या ढिगावर ठेवायचं आणि श्वास सोडत पाठ मोकळी करायची. जमलं की एक उशी कमी. पण ते तोंड कायम पूर्वेच्या खिडकीकडे करायचे. पश्चिमेला, म्हणजे नमाजाच्या दिशेला, तोंड करून चालणार नाही, म्हणाले, व्यायाम तो व्यायाम. दिवाळीनंतर शेवटची उशीही गेली, तरी ते मशिदीत खुर्चीवरच बसत होते. भीती वाटते, असं शमीमभाभींनी मला सांगितलं. चार लोकांत खाली गेलो आणि उठताच आलं नाही तर?

एका दुपारी आम्ही तिघंच होतो. व्यायाम संपला आणि अजान ऐकू आली. एरवी ते मशिदीत जायला लगबगीने गाडी काढतात. त्या दिवशी नळावर गेले, हातपाय धुऊन आले आणि बाह्या खाली करत म्हणाले, "ताई, इथंच पढू का?"

मी धुतलेली मॅट अंथरली. त्यांनी तिच्यावर आपला रुमाल पसरला. पश्चिमेच्या भिंतीवर आमचा मोठा आरसा आहे. नमाज पढताना समोर स्वतःचं रूप नको, म्हणून शमीमभाभींनी न सांगता कपाटातली चादर काढून त्याच्यावर टाकली. आम्ही दोघी मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलो.

ते उभे राहिले, वाकले, सरळ झाले. मग एक गुडघा, दुसरा गुडघा, हात, आणि कपाळ खाली गेलं.

आणि वर येईना.

मी वाट बघितली. खाली गजाननभाऊ कोणाशी तरी बियाण्यावरून बोलत होते, ते सगळं ऐकू येत होतं. युनूसभाईंची पाठ हलत नव्हती. कंबर धरली, मला वाटलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी त्यांच्या खांद्याखाली हात द्यायला पुढे झाले, तेवढ्यात शमीमभाभींनी माझं मनगट धरलं. त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या हसत होत्या.

"राहू द्या ताई," त्या हळूच म्हणाल्या. "अटकले नाही ते. लय दिवसानं भेटले, बोलून राह्यले."