फोनवरचा समुद्र

सकाळी फिरायला निघालं की मावशी सगळ्यांच्या पुढे. कोपरा आला की थांबायच्या, मागे वळायच्या आणि बोट हलवत आम्हा बायकांना मोजायच्या. "आल्या का समद्या? चला मग." आयुष्यभर मेंढरं राखलेली बाई ती, माणसंही त्याच रीतीने मोजायची. आमच्यातल्या एकीला सुरुवातीला याचा राग यायचा. पुढे तीच कोपऱ्यावर विचारू लागली, "मावशी, मला धरलं ना?"

तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, शहरात राहायला आलेली पण पाय अजून रानातच असलेली. पुंडलिकनगरात त्या आमच्या शेजारी लेकाकडे राहायच्या. लेक शेंद्र्याला कंपनीत, सून नोकरीवाली, नातू लहान. गाव गंगापूरकडचं. नवरा मात्र गावीच राहिला होता. दुष्काळात चारा संपला तेव्हा मावशींनीच मेंढरं विकायला लावली. मेंढरांची गाडी गेली त्या दिवसापासून तो त्यांच्याशी बोलला नव्हता.

आमच्या फिरायच्या वाटेवरची शेतं एकेक करून प्लॉट होत होती. मावशी चालता चालता म्हणायच्या, "हितं मागल्या साली हरभरा व्हता." मग बऱ्याच वेळाने, कुणी काही विचारलेलं नसताना, "त्यांचं बी बरोबर हाय. माजं बी चुकलं नाय."

त्या हिवाळ्यात आमच्या गटाची सहल निघाली. मुरूडला जाऊन जंजिरा बघायचा आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्याने चालत पुढचं गाव गाठायचं. होडीत मावशींनी माझा हात सोडला नाही. किल्ल्यात आम्ही तोफा बघत होतो आणि त्या दिसेनात. शोधत गेले तर तळ्याच्या काठावर बसलेल्या.

"ताई, हे गोडं हाय म्हणत्यात. चारी अंगांनी खारं आन् मधी गोडं!"

आमच्याकडे तेव्हा नळाला आठवड्याने पाणी यायचं. होडीवाला हाका मारत होता, तरी त्यांना उठवेना.

दुसऱ्या दिवशी चपला हातात घेऊन त्या वाळूतून झपाझप निघाल्या. अर्ध्या वाटेत एकदम थांबल्या आणि आपला फोन माझ्यापुढे धरला.

"यांना लावून द्या."

"काय बोलणार?"

"ते मी बघते."

त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असायचा. "आवो, मी बोलायले," त्या म्हणाल्या. पलीकडे शांत. मला वाटलं, ठेवला. मावशींनी फोन लाटांकडे धरला आणि थोड्या वेळाने परत कानाशी आणला.

"आलं का ऐकू?"

"काय हाय ते?"

"समुंदर."

"लई पानी हाय का?"

"नदर जाईल तितकं. पन पिता येत नाय."

मग तिकडून आलं, "जेवलीस का?"

मावशी तिथंच वाळूत बसल्या. "व्हय," म्हणाल्या. खरं तर आमच्यापैकी कुणीच अजून जेवलं नव्हतं.

नातू शाळेत जाऊ लागला तशा त्या गावी गेल्या. दोघांनी मिळून थोडी मेंढरं पुन्हा घेतली. अधूनमधून फोन यायचा, "हे म्हणत्यात, म्होरच्या खेपेला मला बी न्या." पण कधी कुणाचे गुडघे, कधी कुणाच्या घरचं लग्न, सहल राहत गेली. त्यातच तापाचं निमित्त झालं आणि मावशी गेल्या.

सहल त्याच्या पुढच्या हिवाळ्यात निघाली. काका, म्हणजे मावशींचे यजमान, आले. लेकाने त्यांना बसमध्ये बसवून दिलं. किनाऱ्याने चालायला लागलो तेव्हा त्यांनी बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं आणि माझ्या बरोबरीने आले.

"ताई, तिकडं ती तुमच्यासंगं काय काय बोलायची?"

मी आठवेल तसं सांगू लागले. जरा थांबले की ते म्हणायचे, "आन् मंग?"

पुढचं गाव आलं. बाकीच्या चहाला बसल्या. आम्ही दोघं तसेच चालत राहिलो.