काट्यावरचा गूळ

अमळनेर स्टेशनवर माझे वडील, बापू, मला सोडायला आले ते मार्केट यार्डातल्या हमालीच्या कपड्यांतच. माझी बी.ए.ची डिग्री त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत जपली होती. गाडी हलली तेव्हा खिडकीतून हातात दिली आणि म्हणाले, "तू शिकेल शे. कोनापुढे मुंडी खाले घालू नको."

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. सुरतेत नवरा लूमवर कापड विणतो, मी नवागामच्या अंगणवाडीत. गावाकडे अजून विचारतात, पोरं सांभाळायला बी.ए. कशाला लागतं? त्यांच्यासाठी हे लिहिते, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्या बायांसाठी. राग आहे, तो झाकणार नाही.

माझ्याकडची निम्मी पोरं आपल्या खान्देशातली. आपल्या बाया लेकराला तराजूत बसवतात ते नवस फिटल्यावर, देवीपुढे, दुसऱ्या पारड्यात गूळ ठेवून. एरवी वजन केलं तर लेकरू झिजतं म्हणतात. गाव सुटलं, ही भीती सोबत आली. मी आधी शहाण्यासारखं समजावून पाहिलं. काटा दिसला की बाया पोरं उचलून चालू लागायच्या. मग मी काट्यावर आधी गुळाचा खडा ठेवू लागले. बटण दाबून आकडा शून्यावर आणायचा, मग लेकरू बसवायचं, उतरलं की गुळाचा कण जिभेवर. वजन बरोबर, देवीही बरोबर.

गेल्या महिन्यात भारतीचा दीड वर्षाचा ओम केंद्रात यायचा थांबला. पोर सुकत चाललं होतं आणि सासू सखुबाई त्याला बाहेर काढत नव्हती. शेवटी काटा उचलून मीच त्यांच्या खोलीवर गेले. सखुबाई दारातच आडवी. "मना नातू काय कांदा शे का, काटावर ठेवाले?" मी काट्यावर गूळ ठेवला. तिनं गुळाकडे पाहिलं आणि बाजूला झाली. ओमचं वजन फारच कमी भरलं. दवाखान्यात भरती करायलाच हवं होतं. भारती म्हणाली, उद्या तुम्ही सोबत असाल तरच येते.

केंद्रावर परतले तर आमच्या वरच्या मॅडम बसलेल्या. पोरांचे फोटो ठरल्या वेळी मोबाइलवर चढले नव्हते. काट्यावर गूळ चिकटलेला पाहून म्हणाल्या, ही अंधश्रद्धा सरकारी कामात चालणार नाही. आणि मग, "बेन, तमने काममां रस ज नथी." तुला कामात रसच नाही, म्हणे. दुसऱ्या दिवशी शिबिर होतं, विषय काय, तर कामात मन कसं गुंतवावं. आली नाहीस तर नोटीस, असं बजावून गेल्या.

मी दवाखान्यात गेले. हॉलमध्ये पंख्याखाली माझ्या मनाची शिकवणी चालली असेल, तेव्हा मी ओमला मांडीवर घेऊन केसपेपरच्या रांगेत होते. नोटीस आली. खुलाशात मी माफी मागितली नाही. मन दिसत नाही म्हणणाऱ्यांनी ते शोधलं कुठे? मोबाइलमध्ये. ज्या दारापुढे मी उन्हात उभी राहते तिथे एकदा तरी येऊन पाहायचं होतं. आम्हाला सेविका म्हणायचं, सेवा म्हणून अर्ध्या मोलात राबवायचं, आणि वर मनही मोजायचं.

पुढे काय होईल ठाऊक नाही. खुलाशावर उत्तर अजून नाही.

बापू फोनवर विचारतात, "घर कव्हय येशी?" घरी कधी येणार, हे ऐकून पूर्वी डोळे भरायचे. मागच्या आठवड्यात मॅडम पुन्हा तपासणीला आल्या होत्या, काट्याला टेकूनच उभ्या. तेवढ्यात सखुबाई ओमला कडेवर घेऊन आली. गालावर थोडं मांस आलेलं. पदराच्या गाठीतून तिनं स्वतः आणलेला गूळ काढला, काट्यावर ठेवला आणि मॅडमना म्हणाली, "जराखं सरका मॅडम, आमना लेकरूले बसाडनं शे."

मॅडम सरकल्या. मी बटण दाबलं.

बापू, मुंडी वर होती. आणि मी घरीच होते.